वास्तु तथास्तु म्हणते

आमच्या कऱ्हाडच्या घरात बांगडी फुटत नसे, ती वाढवली जाई. नारळही वाढवला जाई. बाहेर पडताना ‘जाते’ म्हटलं की आजी मागे बोलावून ‘येते म्हण’ असं वदवून घ्यायची. आणि तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागल्यावर तर अभद्र शब्दाला उंबऱ्याच्या आत थाराच नव्हता. कोणी वैतागून ‘मरू दे ते’ म्हणालं तरी आजी कानांवर हात ठेवायची. “असलं बोलू नये गं. वास्तु तथास्तु म्हणते.”

घर ऐकत असतं आणि आपण बोललो ते ‘तसंच होवो’ म्हणतं, हे खरं मानून मी मोठी झाले. आता त्रेचाळिसाव्या वर्षी, न्यू जर्सीत राहून, मी जे शिक्षण घेते आहे त्याच्या ऐन मध्यावर एक अभद्र प्रश्न आहे. तो समोर बसलेल्या माणसाला, आडवळणं न घेता, स्पष्ट शब्दांत विचारायचा असतो. जीव द्यावासा वाटतो का?

या शिक्षणाचं नाव लांबलचक आहे: सायकियाट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर. मराठीत त्याला नेमका शब्द नाही, कारण आपल्याकडे हे पदच नाही. मानसोपचारतज्ज्ञ आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, समुपदेशक आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची व्याख्याही आहे. पण स्वतः तपासून निदान करणारी, औषध लिहून देणारी आणि समोर बसून मानसोपचारही करणारी परिचारिका आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती आहे. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांबरोबर पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. दूरवरच्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते, म्हणून परिचारिकेलाच जास्त शिकवून पाठवायचं, असा तो विचार होता. मनाच्या आजारांची शाखाही त्याच गरजेतून वाढली. आजारी माणसं फार आणि मानसोपचारतज्ज्ञ थोडे. आज या पदाला कितपत स्वातंत्र्य आहे ते राज्यागणिक बदलतं. काही राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःचं क्लिनिक काढू शकते, काही ठिकाणी डॉक्टरांशी लेखी करार लागतो.

मी सतरा वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काम केलं, आधी पुण्यात आणि मग इथे. ड्रिप लावणं, ड्रेसिंग बदलणं, रुग्णाला कुशीवर वळवणं, मॉनिटरचा आवाज ऐकून धावणं. परिचारिकेचं सगळं कौशल्य हातात असतं, असं मला वाटायचं. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं पहिलं वर्षही मला ओळखीचं वाटलं. शरीराच्या बिघाडाचं शास्त्र, शरीर तपासणी आणि औषधशास्त्र हे तीन मोठे विषय सगळ्याच शाखांच्या नर्स प्रॅक्टिशनर विद्यार्थ्यांना असतात. दिवसा बारा तासांची ड्यूटी, मुलगी झोपली की ऑनलाइन लेक्चर, पहाटे चारला उठून असाइनमेंट. ते जमलं. खरी अडचण दुसऱ्या वर्षी क्लिनिकल तास सुरू झाल्यावर आली. तिथे हातांना काही कामच नव्हतं.

दोन खुर्च्या, एक टिश्यूचा डबा, भिंतीवर घड्याळ. समोरचा माणूस बोलतो किंवा बोलत नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला पाणी देत होते. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं की टिश्यू पुढे करत होते. माझी प्रिसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष कामातली मार्गदर्शक, तीस वर्षं या कामात आहे. तिने एकदाच शांतपणे सांगितलं, “तू टिश्यू देतेस तेव्हा त्यांना कळतं की आता रडणं आवरायची वेळ झाली. डबा त्यांच्या हाताशी आहे. तू बसून राहा.” बसून राहणं मला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. वॉर्डात बसलेली नर्स म्हणजे कामचुकार नर्स.

ही प्रिसेप्टर मिळणं हाच एक अध्याय होता. इथल्या अनेक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यालाच आपला मार्गदर्शक शोधावा लागतो. नव्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे किमान ७५० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काढायचे, आणि ते कोणाच्या हाताखाली काढायचे ते तुम्ही बघा! मी एक्केचाळीस ठिकाणी लिहिलं, सहा उत्तरं आली आणि त्यातलं एक होकाराचं होतं. एवढी मोठी जबाबदारी ज्यांच्या हाती द्यायची त्यांच्या शिक्षणाचा गाभा असा नशिबावर सोडलेला मला अजिबात पटत नाही. ते बदललं पाहिजे.

पुण्यात बी.एस्सी. नर्सिंग करताना येरवड्याच्या मनोरुग्णालयात आमची महिनाभर पोस्टिंग होती. तिथे ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ नावाचा प्रकार लिहावा लागे. रुग्ण काय बोलला, मी काय बोलले, त्या वेळी माझ्या मनात काय आलं, असे रकाने आखून सगळा संवाद जसाच्या तसा उतरवायचा. आम्ही विशीतल्या मुली शेवटचा रकाना एकमेकींचा बघून भरायचो. त्या पद्धतीशी जोडलेलं हिल्डगार्ड पेप्लाऊ हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं: १९५२ चं पुस्तक, नर्स आणि रुग्णाच्या नात्याचे चार टप्पे. पुढे वीस वर्षांनी कळलं की त्या ज्या रटगर्स विद्यापीठात शिकवत, ते माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. १९५४ मध्ये त्या तिथे गेल्या आणि मनोरुग्णांच्या परिचर्येतल्या विशेषज्ञ परिचारिका घडवणारा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी उभा केला. परिचारिकेने औषधाचा ट्रे घेऊन फिरण्यापलीकडे जावं, तिचं रुग्णाशी असलेलं नातं हाच उपचार असू शकतो, असं त्या म्हणत होत्या. तेही अशा काळात, जेव्हा वॉर्डात परिचारिकेने रुग्णाशी फार बोलू नये अशीच शिस्त होती.

पेप्लाऊंनी परिचारिकेच्या भूमिका सांगितल्या आहेत. त्यातली सगळ्यात पहिली भूमिका आहे ‘परकी व्यक्ती’. वीस वर्षांपूर्वी मी ती यादी पाठ करताना या शब्दावर थांबलेसुद्धा नव्हते. परकी असणं ही काय भूमिका झाली? आपण तर पहिल्या भेटीतच काका, मावशी, दादा, ताई करून टाकतो. तेच माणुसकीचं, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं.

त्याबद्दल पुढे सांगते. आधी औषधांचं थोडं सांगायला हवं, कारण लोक मला तेच जास्त विचारतात. “म्हणजे आता तू गोळ्या लिहून देणार?” हो, देणार. आणि त्याचं ओझं मला रोज जाणवतं. लिथियमचंच बघा. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर ते वापरलं, आणि द्विध्रुवी (बायपोलर) आजारात त्याने आजवर असंख्य लोकांना सावरून धरलं आहे. पण रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान ठेवायची असते. त्याहून थोडं वर गेलं की विषबाधेच्या दिशेने प्रवास सुरू. मूत्रपिंड, थायरॉइड तपासत राहायचं. गुडघे दुखतात म्हणून रुग्णाने दुकानातून आयबुप्रोफेन आणून घेतलं तरी पातळी चढते. म्हणजे मला त्याच्या मनाइतकीच त्याच्या गुडघ्यांचीही चौकशी करायला हवी. त्याच आजारावरचं लॅमोट्रिजिन २५ मिलिग्रॅमपासून, दोन-दोन आठवडे थांबत वाढवायचं. घाई केली तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. म्हाताऱ्या माणसाला नैराश्याची साधी गोळी सुरू केली तरी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर आणखीच. वॉर्डात मी दुसऱ्याने लिहिलेलं औषध बिनचूक देत होते. तेच औषध स्वतः लिहिताना हात थबकतो, आणि तो थबकावा असं मला वाटतं.

औषधशास्त्राच्या पुस्तकात एका रात्री मला आपली सर्पगंधा भेटली. भारतात वेडावर पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाणारी मुळी. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. दोन वर्षांत नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या, न्यू जर्सीच्या हद्दीजवळच्या एका सरकारी मनोरुग्णालयात ते वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे रक्तदाबासाठी रेसरपीन घेणाऱ्या काहींना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. त्या नोंदींवर नंतर वाद झाले, पण मेंदूतली काही रसायनं कमी पडली की नैराश्य येतं, या कल्पनेला त्यांतूनच बळ मिळालं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला आप्पाकाकाची मुळी आठवली.

मी दहा वर्षांची असताना माझा धाकटा काका, आप्पा, गेला. त्याआधी तीन-चार महिने त्याचं बोलणं आटत गेलं होतं. पानावर बसला की भात चिवडायचा आणि उठून जायचा. दाढी करेना. रात्री अंगणात फेऱ्या मारायचा, त्याच्या चपलांचा आवाज मला माजघरात ऐकू यायचा. घरातल्या प्रत्येकाने हे पाहिलं. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. ‘बाहेरचं झालंय’ असं कोणीतरी म्हणालं, मग एका देवऋष्याकडून कसलीशी मुळी आली, ती आजी त्याला दुधातून द्यायची. अण्णा म्हणाले, सुगी झाली की मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवू. सुगी व्हायची होती, तेवढ्यात एका पहाटे आप्पाचा पाय घसरला.

आमच्या घरात आजही तेवढंच वाक्य आहे. आप्पाचा पाय घसरला.

ती मुळी कसली होती हे आता कळायची सोय नाही, आणि दोष शोधायला मी या शिक्षणात आलेले नाही. पण घरात नऊ माणसं होती. सगळी त्याच्यावर जीव टाकणारी. कोणीतरी त्याला तोंडावर विचारलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनात फिरत राहिला.

आता त्या ‘परक्या’ भूमिकेबद्दल. ती मला उमगली क्लिनिकमध्ये आलेल्या एका काकूंमुळे. ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, नवरा गेल्यावर मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. हिवाळ्याचे दिवस, मुलगा आणि सून कामावर, नातवंडं शाळेत, बाहेर पावलाला बर्फ. छातीत भरून येतं म्हणून हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही, आणि त्यांना आमच्याकडे पाठवलं. मुलगा म्हणाला, मी भाषांतर करतो. त्याला नम्रपणे बाहेर बसवावं लागलं. आईच्या मनातलं मुलाच्या तोंडून ऐकायचं नसतं, आणि आईनेही ते मुलाच्या कानावर पडू दिलं नसतं. प्रिसेप्टरसाठी फोनवर दुभाषा जोडला होता. मी थेट मराठीत बोलत होते. त्यांच्या बोलण्यातला सांगलीकडचा हेल ऐकून मला माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं.

“काकू, झोप कशी लागते?” “लागते की.” “जेवण?” “सून करून ठेवती बाई सगळं.” “मन कसं आहे?” “मनाला काय धाड भरलीय? छातीत भरतंय तेवढं बघा.”

नैराश्य मोजायची एक नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, मराठीतही आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. काकूंचे चार झाले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. मी तो वाचला, जरा भरभरच वाचला. त्या हसल्या. “छे गं, काहीतरीच. तुझ्यासारख्या लेकी असल्यावर!” मी सुटकेचा श्वास टाकला.

त्या गेल्यावर प्रिसेप्टर म्हणाली, “तिने ‘नाही’ म्हटल्यावर तुझे खांदे खाली आले. तिला ते दिसलं असेल.” मग तिने विचारलं, “तू तिला सारखं एक शब्द वापरून हाक मारत होतीस, तो काय?” मी काकू या शब्दाचा अर्थ सांगितला, आपल्याकडे असंच बोलावतात, त्यात आदर आहे आणि आपलेपणाही. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे तू तिची पुतणी झालीस. आपल्याला मरावंसं वाटतं, हे ती पुतणीला सांगेल?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बरोबर होतं तिचं. पुतणीला जपायचं असतं. लेकराच्या कानावर अभद्र घालायचं नसतं. मी आपलेपणाने त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं होतं. आणि पेप्लाऊंच्या यादीतला पहिला शब्द तेव्हा कुठे मला उमगला.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त मराठी कानालाच कळेल. आपली म्हातारी माणसं उठताबसता मरणाचं बोलतात. ‘आमचं काय, पिकलं पान.’ ‘आता देवाने न्यावं.’ ‘गोवऱ्या मसणात गेल्या.’ इंग्रजी फॉर्मात हे जसंच्या तसं उतरवलं तर निम्मे आजी-आजोबा धोक्याच्या यादीत जातील. उलट बोलण्याची रीत म्हणून सोडून दिलं, तर ज्याला खरंच जायचं आहे तोही त्याच वाक्याच्या आड लपून जातो. ‘देवाने न्यावं’ हसत म्हटलं जातं की भिंतीकडे बघत? पूर्वी म्हणायचे का, की हल्लीच? त्यानंतर पोळीला तूप मागून घेतात का? याचं कुठलंही तयार मोजमाप नाही. आणि प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, या समजुतीला संशोधनात आधार सापडलेला नाही. उलट बोलल्याने अनेकांना हलकं वाटतं. मला हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं, आणि मराठीत, सांगलीच्या बाईला, डोळ्यांत बघून विचारणं वेगळं. इंग्रजीत तो प्रश्न मी शंभर वेळा विचारला होता. इंग्रजीतली वास्तु माझ्या ओळखीची नव्हती.

दोन आठवड्यांनी काकू परत आल्या. थायरॉइड ठीक, सोडियम ठीक, बी-१२ बरंच कमी. आयुष्यभर शाकाहारी असलेल्या वृद्धांत ते नेहमी सापडतं, आणि त्याचाही मनावर परिणाम होतो, म्हणून ते आधी बघायचंच. ते सांगून झाल्यावर मी खुर्ची थोडी मागे घेतली.

मी म्हटलं, “आज मी तुम्हाला काकू म्हणणार नाही. मी इथे तुमच्या नात्यातली नाही, परकी आहे. तुम्ही बोलाल ते मी घरी कोणाला सांगणार नाही. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच सांगावं लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. मला वाईट वाटेल म्हणून काही झाकू नका. आपल्याकडे असं विचारत नाहीत हे मला माहीत आहे, तरी विचारते. झोपावं आणि सकाळी उठूच नये, असं वाटतं?”

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. घड्याळाचा आवाज येत होता. माझा हात टिश्यूच्या डब्याकडे गेला नाही.

“रोज,” त्या म्हणाल्या.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, तो अभद्र. त्यांनी पदर सारखा केला. “दिवाळीत एकदा मनात आलं होतं. पोरं फराळ करत होती खाली. मग नाही आलं.” आणि जरा थांबून, “तुला भीती नाही वाटत गं, हे असं तोंडाने बोलायची?”

“वाटते,” मी म्हटलं.

त्यानंतर त्या पाऊण तास बोलल्या. छातीत काय भरून यायचं ते सगळं बाहेर आलं. आम्ही मिळून त्यांची सुरक्षा योजना लिहिली: मन बुडायला लागल्याची पहिली खूण कोणती, तेव्हा स्वतः काय करायचं, कोणाकडे जाऊन बसायचं, कोणाला उघडपणे सांगायचं, कुठे फोन करायचा, घर सुरक्षित कसं ठेवायचं. कागद मराठीत, त्यांच्याच शब्दांत. ‘कोणाला सांगायचं’ समोर त्यांनी बराच विचार करून सुनेचं नाव घातलं. मुलाचं नाही. फोनसाठी इथला ९८८ हा आकडा. भारतात त्यासाठी टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ आहे, तो मी कऱ्हाडच्या घरी फ्रिजवर चिकटवायला सांगितला आहे. वाचणाऱ्यांनीही जवळ ठेवावा. प्रिसेप्टरने औषध लिहिलं, अगदी कमी मात्रेत. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. वसंतात त्या समोरच्या इमारतीतल्या एका गुजराती बाईंबरोबर चालायला जायला लागल्या. चौथ्या भेटीत निघताना त्या दारात वळून म्हणाल्या, “आता काकू म्हटलंस तरी चालेल.”

माझे नव्वद तास राहिले आहेत. मग राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा. तिची मला फार धास्ती नाही.

गेल्या महिन्यात मी आईला फोन केला. इथे आठ वाजले होते, उन्हाळ्यातली तिन्हीसांज, मी नुकताच दिवा लावला होता. तिच्याकडे पहाट होती, चहाचं आधण ठेवलेलं ऐकू येत होतं. मी विचारलं, “आई, आप्पाकाकाला कोणी विचारलं होतं का गं? तेव्हा?”

काय, असं तिने विचारलं नाही. बराच वेळ नुसतं आधण ऐकू येत राहिलं.

“मी विचारणार होते भावजींना,” ती म्हणाली. “आदल्या दिवशीच. ओसरीवर बसले होते एकटेच. तोंडापर्यंत आलं होतं. पण दिवेलागण झाली होती, आणि सासूबाई घरात होत्या.”

तेहतीस वर्षं ती हे घेऊन बसली होती. मी काही समजावलं नाही. बसून राहिले.

मग तिनेच विचारलं, “नेमकं काय विचारतात गं? कसं विचारतात?”

मी सांगितलं. मराठीत, स्पष्ट, दोन्ही प्रश्न.

आणि माझ्या सत्तर वर्षांच्या आईने गॅस बारीक केला, आणि तो प्रश्न शब्द न गाळता एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणून पाहिला.